पडद्यावरचा ठोकळा

जर्मनींतील ब्लँकेनबुर्ग गांवीं १८३७ सालीं फ्रीड्रिख फ्रोबेल यांनीं लहान मुलांसाठीं एक शाळा काढली. तिलाच त्यांनीं पुढें 'किंडरगार्टन', म्हणजे बालोद्यान, हें नांव दिलें. त्यांच्या खेळसाधनांपैकीं एक होतें ८ लहान घनांचा मिळून झालेला लांकडी घन. मुलानें तो मोडावा, पुन्हां जुळवावा आणि अंश व पूर्ण यांचें नातें हातांनीं ओळखावें, हा त्यामागील हेतु.

तोच घन आतां संगणकाच्या पडद्यावर आला आहे. 'टिंकरकॅड' ही विनामूल्य प्रणाली २०११ सालीं निघाली. तींतील ठोकळा मुळांत २० मिलिमीटर बाजूचा असतो. शिक्षकानें विचारावें, "लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट केल्या, तर आंत मूळचे ठोकळे किती मावतील?" कित्येक मुलें 'दोन' म्हणतील. मग त्यांनींच ते रचून पाहावे. ८ लागतात! शिवाय रचना फिरवून तिची मागची बाजूहि पाहतां येते; फळ्यावरील आकृतींत तें साधत नाहीं.

मात्र अंदाज आधीं, पडदा मागाहून; आणि त्याहिपूर्वीं माती व लांकूड. रचतांना पडद्यावरील ठोकळा कलंडत नाहीं. तोल सांभाळणें शिकवील तें लांकूडच. आणखी एक गोष्ट. एका यंत्राभोंवतीं पांच मुलें बसलीं, कीं माउस ज्याच्या हातीं तोच शिकतो, बाकीचीं नुसतीं पाहत राहतात. प्रत्येकाला पाळी मिळवून देणें हें शिक्षकाचें काम आहे. तें कोणतीहि प्रणाली त्याच्याऐवजीं करणार नाहीं.