कट आणि ब्लॅकआउट

माननीय प्राचार्य, प्राध्यापक मंडळी आणि शेवटच्या रांगेतून शिट्ट्या मारणाऱ्या दोस्तांनो,

शिट्ट्या थोड्या राखून ठेवा, बक्षीस समारंभ अजून व्हायचाय. मी संकलक. लोकांनी जीव ओतून केलेलं कापायचं, हा माझा धंदा. त्यामुळे भाषण लांबलं तर माझीच अब्रू जाईल.

दुपारी तुमच्या नाट्यविभागातल्या एका मुलीची शॉर्टफिल्म पाहिली आणि लगोलग तिचीच एकांकिका. दोन्ही संहिता तिच्या स्वतःच्या. गाजलेली संहिता उचलून करंडक आणणं तिला जमलं नसतं असं नाही, पण ती त्या वाटेला गेली नाही. तेवढ्यासाठी तिला मी अर्धे मार्क आधीच देऊन टाकलेत. उरलेल्या अर्ध्यांबद्दल बोलतो.

फिल्ममध्ये शेअर रिक्षा चालवणारा बाप रात्री घरी येतो. खिसे पलंगावर रिकामे करतो. चुरगळलेल्या नोटा मांडीवर सरळ करतो, नाण्यांच्या चळती लावतो, रिक्षामालकाचं भाडं वेगळं काढतो. वीस रुपये कमी भरतात. त्याची नजर मुलीच्या दप्तरावर जाते. ती शेजारीच झोपेचं सोंग घेऊन पडलीय, आणि चादरीबाहेर आलेली तिच्या पायाची बोटं हळूच आखडतात. मी खुर्चीत सावरून बसलो. काय शॉट होता! आणि मग तो बाप भिंतीकडे तोंड करून तीन मिनिटं बोलला. सीएनजीची रांग, महागाई, स्वतःचं अर्धवट राहिलेलं शिक्षण. वाक्यं चांगली होती हो, पण बोटांनी सगळं सांगून झालं होतं.

एकांकिकेत नेमकं उलट. दर चार मिनिटांनी ब्लॅकआउट. अंधारात टेबल सरकवल्याचा आवाज, विंगेतून कुणाची तरी कुजबुज, मग उजेड, की पुन्हा अंधार. हे तिच्या एकटीचं नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना गेलात तर तासाभराच्या एकांकिकेत निम्मा वेळ तुम्ही अंधारात बसता. आपली मुलं स्टेजवर कट शोधतात आणि कॅमेऱ्यासमोर स्वगतं म्हणतात.

रंगभूमीला कट लागतच नाही. सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ 1974 सालचं. आळेकर तेव्हा पंचविशीत होते, बायोकेमिस्ट्री शिकलेले. त्या नाटकात मेलेले भाऊराव स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करतात. मेलेला माणूस उभा राहून बोलू लागतो आणि प्रेक्षक ते मान्य करून मोकळा होतो. कॅमेऱ्याला हे इतकं फुकटात पचत नाही. त्याचं बळ दुसरीकडे आहे. उमेश कुलकर्णींनी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना ‘गिरणी’ केली. घरात पिठाची गिरणी येते आणि तिची घरघर घरातल्या पोराचा पिच्छा पुरवते. आवाजच सगळं सांगतो. नागराज मंजुळेंची ‘पिस्तुल्या’ही अशीच, नगरला शिकतानाची. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ नंतरचे.

तेव्हा बाई, घरी गेलीस की टाइमलाइन उघड आणि बोटं आखडतात तिथं फिल्म थांबव. हात थरथरेल, थरथरू दे. बापाचं बोलणं मात्र डिलीट करू नकोस. ते वेगळ्या फाइलमध्ये ठेव आणि पुढच्या वर्षी स्टेजवर आण. एक पलंग, एक दिवा, आणि नाण्यांची चळत लावत प्रेक्षकांकडे बघून बोलणारा बाप. तिथं तो तीन मिनिटं नाही, पाऊण तास बोलू शकतो. मात्र एकही ब्लॅकआउट न घेता.