दंड, सूट आणि सहकार्य



सामुदायिक कार्य सद्भावनेवर चालते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. ते खरेच, परंतु सद्भावनेलाही कुंपण लागते. गोमंतकातील खाजन शेतीचेच उदाहरण घ्यावे. बांधाला एके ठिकाणी भगदाड पडले की खारे पाणी साऱ्यांच्या शेतांत शिरते. त्यात कुचराई कोणाची आणि कष्ट कोणाचे, हा भेद उरत नाही. म्हणूनच बांधाची व मानसीची निगा हे गावकरीचे सामायिक कर्तव्य ठरले.

कष्ट चुकवून फळ भोगणाऱ्यास मोकळीक मिळाली तर काय घडते? एर्न्स्ट फेर व सायमन गेख्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चौघाचौघांचे गट केले होते. प्रत्येकास २० नाणी मिळत. त्यांतील सामायिक निधीत किती घालावयाची, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. दंडाची सोय नसताना वर्गणी घटत गेली. पदरचे १ नाणे खर्चून चुकाराची ३ नाणी कापण्याची मुभा मिळताच ती वाढली.

तथापि दंड हे दुधारी शस्त्र आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या १६ शहरांच्या अभ्यासात, काही ठिकाणी भरघोस देणाऱ्यांनाच दंड झाल्याचे आढळले. तेथे सहकार्य फारसे वाढले नाही.

मग दंड करावा कोणी आणि कसा? स्पेनमधील व्हॅलेन्सिया नगरात तुरिया नदीच्या पाटांचे तंटे सोडविणारे एक प्राचीन न्यायपीठ आहे. दर गुरुवारी मध्यान्ही ते कॅथेड्रलच्या दाराशी, सर्वांसमक्ष भरते. शेतकऱ्यांनी निवडलेले ८ शेतकरीच तेथे न्यायाधीश असतात. कामकाज तोंडी चालते. आणि आरोपी ज्या पाटाचा, त्या पाटाचा प्रतिनिधी निवाड्यात भाग घेत नाही. अशा संस्थांच्या अभ्यासाबद्दल २००९ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी आणखी एक लक्षण नोंदविले आहे : दीर्घायुषी संस्थांत पहिल्या चुकीस दंड सौम्य असतो, पुनरावृत्तीस तो वाढत जातो.

देवस्थानच्या कारभारासही हे लागू पडते. तोंड पाहून दिलेली सूट उदारपणाची वाटते. परंतु तिची किंमत वेळेवर वर्गणी भरणारा, पालखीस खांदा देणारा महाजन मोजतो. तो तक्रार करीत नाही. हळूहळू यावयाचा थांबतो. अडचणीतील कुटुंबास सूट अवश्य द्यावी, पण ती सभेपुढे द्यावी आणि इतिवृत्तात नोंदवावी. दंड सर्वांस सारखा आणि सूट सर्वांसमक्ष, एवढे पाळले तर दंड करण्याची वेळ क्वचितच येईल.