इंजिन खोलण्याआधी अर्थिंग बघा

आज कोड नाही, काकांची जुनी डिझेल पिकअप. ऐन टोमॅटोच्या सीझनमध्ये गाडी स्टार्टच होईना. मेकॅनिक म्हणाला, "कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन खोलावं लागेल." म्हणजे गाडी कित्येक दिवस गॅरेजला आणि माल शेतात.

आता बघा, डिझेलला स्पार्क प्लग नसतो. हवा दाबली की तापते, त्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. सेल्फ इंजिन हळू फिरवत असेल तर हवा पुरेशी तापत नाही. म्हणून वायरिंगचा दोषही कॉम्प्रेशनचा वाटू शकतो.

मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिन ब्लॉकला लावून सेल्फ मारला. अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं. 2 च्या वर दिसलं. अर्थिंगची पट्टी गंजलेली! पट्टी, केबल, फ्यूज बदलले, गाडी सुरू.

मेकॅनिकचंही खरं होतं. ऑइलच्या झाकणातून धूर येत होता, रिंगा झिजलेल्याच. पण रोज ऑइल तपासत सीझन निघाला. मग निवांत लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग बदलली, नोझल तपासून घेतले.

तुम्हीही टेस्ट करा, पण गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून. भेटू पुढच्या भागात!