संध्याकाळी एक खोली उघडी ठेवा

प्राचार्य, शिक्षक, कार्यालयातली मंडळी, पालक, आणि मागच्या रांगेत उभं राहून भलत्याच कुणाच्या नावानं ओरडणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्या संमेलनातले गमतीच्या पदव्यांचे शेलापागोटे काल होऊन गेले असं कळलं, म्हणजे मी वाचलो. प्रमुख पाहुण्यानं ध्येय आणि चिकाटीवर बोलावं, असा संकेत आहे. तुमच्या सांस्कृतिक सचिवानं मघाशी चहा देताना कानात सांगितलं, ‘सर, थोडक्यात.’ संकेत मोडतो, सचिवाचं ऐकतो.

मला तुमच्या टाइमपासबद्दल बोलायचंय. जूनमध्ये घेतलेली गिटार गणपतीपर्यंत कपाटावर जाते. मग ढोलपथक. मग कुणाचा तरी कॅमेरा मागून आणून सिंहगडावर धुक्याचे फोटो, त्यात धुकंच जास्त. मग रील्स. ‘एक काहीतरी धड कर!’ हे वाक्य सदाशिव पेठेत आणि कोथरूडला एकाच सुरात ऐकू येतं. पालकांनो, माझं मत विचाराल तर, सुटू द्या. अठराव्या वर्षी धरलेलं सगळंच साठीपर्यंत धरून बसलेली माणसं मी बँकेच्या नोकरीत पुष्कळ पाहिली. ती काही फार सुखी नव्हती.

मी बघतो ते वेगळंच. छंद गेला, पण त्यात भेटलेली माणसं राहिली का?

ढोलपथक घ्या. गणपतीच्या आधी नदीपात्रात सराव चालू होतो. नव्या पोराला वाटतं, आलो की वाजवणार. त्याच्या हातात आधी येते दोरी. ढोल ताणायला एकानं गुडघा टेकवून दोरी ओढायची आणि दुसऱ्यानं ती सैल पडू न देता धरून ठेवायची, एकट्याचं काम नाही. तळहात सोलवटतात, मग बोटांना चिकटपट्ट्या. शेजारी कोण आहे? इंजिनिअरिंगचा मुलगा, दुकानात काम करणारी मुलगी, रिक्षावाल्या काकांचा धाकटा. बारावीचे टक्के तिथं कुणी विचारत नाही, ताशाकडे लक्ष आहे का एवढंच विचारतात. त्यातले कितीतरी जण पुढच्या वर्षी फिरकत नाहीत. पण घरात कुणी आजारी पडलं की रात्री दवाखान्यात सोबतीला जो येऊन बसतो, तो बऱ्याचदा पथकातलाच असतो.

आता नाटकाचं सांगतो, कारण माझं आयुष्य प्रेक्षागृहात तिकीट काढून गेलं. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक जब्बार पटेल तेव्हा तीस वर्षांचे, लहान मुलांचे डॉक्टर. नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे पंचवीसचे, पुढं मनोविकारतज्ज्ञ झाले. त्याच गोतावळ्यातले सतीश आळेकर तेवीसचे, शिक्षण जीवरसायनशास्त्राचं. तेव्हाच्या हिशेबानं हे सगळे कामधाम सोडून तालमी करणारेच की! त्या नाटकात माणसांची एक रांग आहे. ती पाठ फिरवते तेव्हा भिंत होते, वळते तेव्हा पुणं होते, झुलते आणि गातेही. त्या रांगेतला एक जण अर्ध्या पावलानं चुकला तरी भिंतीला भगदाड पडतं. त्या रांगेला वेगळं बक्षीस नसतं, आणि तिच्यावाचून नाटकही नसतं. १९ प्रयोगांनंतर त्यांच्याच संस्थेनं नाटक थांबवलं. ही पोरं घरी गेली नाहीत. १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली, पुन्हा प्रयोग लावले आणि १९८० मध्ये तेच नाटक युरोपात नेलं. नुसत्या हुशारीवर हे झालं नसतं. एकमेकांची सवय लागलेली होती.

तुमचं कॉलेज पुरुषोत्तम करंडकाला उतरतं, हे मघाशीच मोठ्या आवाजात कळलं. १९६३ पासूनची ही स्पर्धा. २०२२ साली परीक्षकांना एकही एकांकिका त्या तोडीची वाटली नाही आणि करंडक कुणालाच दिला नाही. पुण्यात आठवडाभर चर्चा! मला त्यात वाईट काही वाटलं नाही. करंडक कुणाकडे गेला नाही, तालमी मात्र सगळ्यांच्या झाल्या होत्या.

मोबाइलवर टीका करणार नाही, तालमीची वेळ हल्ली त्यावरच कळते. माझी तक्रार दुसरीच आहे, एकत्र बसायच्या जागेची. आमच्या वेळी एका चहावर चौघं तासभर बसत, मालक फक्त पंख्याचं बटण बंद करी. आज तुम्हाला बसायचं तर कॉफीला पैसे मोजावे लागतात आणि टेबल लगेच सोडावं लागतं. टेकडीवर अंधार पडला की खाली यायचं. संध्याकाळी वर्गांना कुलूप. मग पोरं जिन्यात तालीम करतात आणि शिपाईकाका त्यांना हाकलतात. काकांचीही चूक नाही, त्यांना घरी जायचं असतं.

म्हणून प्राचार्य, सर्वांसमक्ष विनंती करतो. एक खोली रात्री नऊपर्यंत उघडी ठेवा. चावी विद्यार्थ्यांच्या सहीवर द्या. काकांच्या जादा वेळेचे पैसे या संमेलनाच्या खर्चातून काढा, हवं तर पुढच्या वर्षी पाहुण्यांचा शाल-नारळ वगळा. आणि पालकांनो, मुलाला नऊ तर मुलीलाही नऊ, परतीच्या बसची काळजी सगळे मिळून घेऊ. खोली कधीपासून मिळणार ते आजच जाहीर करून टाका, म्हणजे मी बक्षिसं द्यायला मोकळा.