जुन्या इंजिनाची ओळख

(नभोवाणीवरील भाषण)



इंदूरच्या आसपास सांवेर, देपालपूर, महू या बाजूस एखाद्या मळ्यावर जाण्याचा प्रसंग आला, तर गोठ्यामागच्या पडवीत अवश्य नजर टाकावी. कडब्याच्या गंजीशेजारी ताडपत्रीखाली एखादा जुना पॉवर टिलर, नाही तर एका सिलिंडरचा छोटा ट्रॅक्टर उभा असतो. मालक म्हणतो, "बिघडला आहे, भंगारात देणार." परंतु अशी पुष्कळ यंत्रे दुरुस्त होण्याजोगी असतात, त्यांची नीट ओळख न पटल्यामुळेच ती निकामी ठरतात. आज मला बोलावयाचे आहे ते या ओळखीविषयी, आणि तिच्यामागून येणाऱ्या निगेविषयी.

ही यंत्रे आपल्याकडे निरनिराळ्या वाटांनी आली. फरीदाबाद येथे १९५९ साली जर्मनीच्या आयशर कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर तयार होऊ लागले. बंगळूरला १९६७ साली मित्सुबिशीच्या व केरळात अथाणी येथे १९७३ साली कुबोटाच्या सहकार्याने पॉवर टिलरचे कारखाने निघाले. विहिरीवरच्या स्थिर इंजिनांत पुण्यास १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिने होती. तशीच इंग्लंडच्या लिस्टर इंजिनाच्या धर्तीवर राजकोटकडे बनलेली, जड फ्लायव्हीलची संथ इंजिनेही होती. पुढे यंत्रे हातोहात विकली गेली, आणि एकाच्या सांगाड्यावर दुसऱ्याचे इंजिन चढले. खरी अडचण येथेच आहे.

या अडचणीची किंमत मी स्वतः पाहिली आहे. सांवेरजवळ माझ्या मामांचा बटाट्याचा मळा होता. त्यांचा जुना टिलर मशागत करी, आणि पट्टा चढवला की पंपही ओढी. एका पौषात इंजिनाचा जोर गेला. मी नुकताच तंत्रशिक्षण घेऊन आलेला. सांगाड्यावरचे नाव टिपले आणि त्या नावाच्या पिस्टनच्या रिंगा शहरातून आणल्या. त्या खाचेत जरा घट्ट वाटत होत्या. चालता चालता बसतील, असे म्हणून मी त्या चढविल्या. तिसऱ्या दिवशी इंजिन जाम झाले व लायनरवर ओरखडे पडले. पाण्याच्या दोन पाळ्या चुकल्या आणि बटाटा सुपारीएवढाच राहिला. पुढे एका वृद्ध मिस्त्रींनी घासलेटाच्या बोळ्याने ब्लॉक पुसला, तेव्हा त्यावर भलत्याच कारखान्याची खूण निघाली. मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. परंतु पुढच्या हंगामाचे बियाणे त्यांना उधारीने आणावे लागले.

तेव्हा पहिला नियम असा की, रंगावर आणि सांगाड्यावरच्या नावावर विसंबू नये. इंजिनाची स्वतःची पट्टी शोधावी. ती नसेल तर ब्लॉकवरील ठोकलेले आकडे साफ करून वाचावेत. मग इंजिन हवेने थंड होते की पाण्याने, सिलिंडर उभा आहे की आडवा, हे पाहावे. अंगावर पातळ पंखांच्या रांगा असतील तर ते हवेने थंड होणारे.

दुसरा नियम मापाचा. हेड उतरवल्यावर सिलिंडरचा व्यास मोजावा. मात्र झीज वरच्या कडेजवळ सर्वांत अधिक असते, म्हणून मूळ माप रिंगांच्या धावेखाली, तळाशी घ्यावे. पिस्टन अगदी वर व अगदी खाली असताना त्याची खोली मोजावी. दोहोंतील फरक म्हणजे धाव. व्यास ८० व धाव ११० मिलिमीटर असेल, तर सिलिंडरचे आकारमान सुमारे ५५३ घन सेंटिमीटर येते; किर्लोस्करच्या ए.व्ही. १ इंजिनाचे माप हेच. लिस्टरच्या पाच-सहा अश्वशक्तीच्या संथ इंजिनात व्यास ११४.३ व धाव १३९.७ मिलिमीटर असते. पिस्टनच्या माथ्यावर ०.२५ किंवा ०.५० असा आकडा दिसला, तर सिलिंडर पूर्वी वाढवून घेतलेला आहे असे समजावे, आणि सुटे भाग त्याच मापाचे मागावेत.

आता निगेविषयी. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. ही धूळ इंजिनात गेली की लायनर कानशीने घासल्यासारखा झिजतो. म्हणून हवेच्या गाळणीतील तेल वरचेवर बदलावे. डिझेल गाळून भरावे. पंखांत साचलेली माती काढावी. विहिरीच्या जड पाण्याने आत पापुद्रा धरतो, तोही खरवडून काढावा. आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी कधीही ओतू नये, हेड तडकते. वंगण दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. काळा धूर हवा कमी किंवा डिझेल जास्त झाल्याचे सांगतो, निळा धूर वंगण जळत असल्याचे. दीर्घकाळ बंद असलेले इंजिन एकदम सुरू न करता, नवे वंगण घालून, दाब सोडण्याची कळ उचलून प्रथम हातानेच सावकाश फिरवावे. हॅण्डल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. उलट झटका बसला तर मनगट वाचते.

ज्यांना हे रीतसर शिकावयाचे असेल, त्यांच्यासाठी नर्मदाकाठी बुदनी येथे १९५५ पासून शेतीयंत्रांच्या शिक्षणाची व चाचणीची केंद्रीय संस्था आहे. परंतु एक काम आजच घरी होण्यासारखे आहे. एक वही घ्यावी. तीत इंजिनाचा आकडा, व्यास, धाव, बदललेले भाग आणि वंगण बदलल्याची तारीख लिहावी, आणि ती यंत्राजवळच टांगावी. आमच्या मामांकडे अशी वही असती, तर त्या वर्षीचा बटाटा पोसला असता. जुने मिस्त्री एकेक करून जात आहेत. त्यांच्या डोक्यात जे आहे, ते निदान आपल्या यंत्रापुरते तरी कागदावर उतरवून ठेवू या.