दुपारची वीज

कारखानदारांना पूर्वी रात्रीची वीज स्वस्त पडे. सूर्यापासूनची वीज वाढली आणि ही स्वस्ताई दिवसाकडे सरकली. १ जुलै २०२५ पासून महावितरणच्या स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांनाही सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे सूट मिळू लागली. एक अश्वशक्तीची मोटार तासाला सुमारे पाऊण युनिट घेते. विहिरीवर ती रोज तासभर दुपारी चालवली, तर त्या दराने महिन्याला १८ रुपये वाचत. आपल्या यवतमाळच्या वैशाखात कूलर तर दुपारी चालतोच. ती सूट आपोआप पदरात पडते! पण नवराबायको दोघेही कामावर जातात, त्या घराला दुपारी कुलूप असते. त्यांचे धुणे, इस्त्री, दळण सारे दिवेलागणीनंतर. त्यांच्या वाट्याला फक्त रविवारची दुपार उरते.