वाचलेलं पाणी कुणाच्या नावावर?



 नगर पाणीपुरवठ्यात हयात घालवलेल्या अभियंत्यांच्या या परिषदेचा अध्यक्ष म्हणून आज मला कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवराबद्दल बोलायचं आहे.

सिएरा नेवाडाच्या पूर्वेला असलेल्या या सरोवरातून पाण्याला बाहेर जायला वाट नाही. आपल्या लोणारसारखंच ते खारं आणि अल्कधर्मी आहे. त्यात मासा जगत नाही, पण खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीवर आणि काठच्या माश्यांवर लाखो स्थलांतरित पक्षी पोसले जातात. १९४१ मध्ये लॉस एंजेलिसनं या सरोवराला मिळणारे ओढे पाचशेहून अधिक किलोमीटर दूरच्या आपल्या नळांकडे वळवले. १९८२ पर्यंत पातळी सुमारे ४५ फूट उतरली आणि खारेपणा दुप्पट झाला. सरोवरातलं नेगिट बेट काठाला जोडलं गेलं, कोल्ह्यासारखे कोयोटी थेट गल पक्ष्यांच्या घरट्यांत शिरले. उघड्या पडलेल्या तळाची धूळ वाऱ्यावर उडू लागली.

डेव्हिड गेन्स आणि त्याच्या तरुण सहकाऱ्यांनी सरोवर वाचवण्यासाठी १९७८ मध्ये मोनो लेक कमिटी स्थापन केली. शहराच्या उचलीविरुद्धच्या खटल्यात १९८३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सरोवर ही जनतेची ठेव आहे, शासन तिचं विश्वस्त आहे आणि जुन्या परवान्यांचा फेरविचार होऊ शकतो. १९९४ मध्ये राज्याच्या जल मंडळानं समुद्रसपाटीपासून ६३९२ फूट ही पातळी ठरवून दिली आणि ती गाठली जावी म्हणून शहराच्या उचलीवर मर्यादा घातली.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं. शहराची तूट दुसऱ्या एखाद्या नदीतून भरून काढा, असं कमिटी म्हणाली नाही. ती शहरातच भरून निघाली पाहिजे, असा तिचा आग्रह होता. पूर्व लॉस एंजेलिसच्या वस्त्यांतल्या ‘मदर्स ऑफ ईस्ट एलए’सारख्या संघटनांनी घरोघरी जुनी शौचालयं बदलून दिली: दर वेळी तेरा ते एकोणीस लिटर ओतणाऱ्या टाकीच्या जागी सहा लिटरची. त्यातून वस्तीतल्या लोकांना रोजगार मिळाला. पुढे लोकसंख्या सुमारे दहा लाखांनी वाढूनही शहराचा पाणीवापर १९७० च्या दशकाच्या पातळीवर थांबला.

पण नुसत्या टाक्या बदलून सरोवर भरलं नसतं. उचलीवर मर्यादा नसती, तर वाचलेला प्रत्येक लिटर नव्या वसाहतींनी पिऊन टाकला असता. आपल्याकडे नेमकं हेच होतं. गळती रोखतो, मीटर बसवतो, आणि उरलेलं पाणी पुढच्या टॉवरच्या मंजुरीत जमा करतो. मुंबईला पाणी देणाऱ्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे आपण सगळे जाणतो.

मोनोची पातळी आजही ठरलेल्या खुणेच्या काही फूट खाली आहे, तिथला झगडा चालू आहे. तरीही तिथे एक खूण आहे, जिच्याशी शहराला बांधील राहावं लागतं. आपल्या एकाही बचत योजनेत अशी खूण मला सापडत नाही.

म्हणून दुपारच्या सत्रात ठराव मांडावा, अशी माझी विनंती आहे: यापुढे पाणीबचतीच्या प्रत्येक प्रकल्प अहवालात वाचलेल्या पाण्यापैकी किती पाणी धरणात, नदीत किंवा मूळ गावासाठी राहील, हे आकड्यांत लिहिलेलं असावं, आणि तो आकडा नसेल तर आपण त्या अहवालावर सही करू नये.